गप्प बसवलेले पोट

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या कुठल्याही मेडिकलसमोर दिवेलागणीच्या सुमाराला थोडा वेळ उभे राहावे. शेतातून परतलेली माणसे, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया, निरोप घेऊन आलेली शाळकरी पोरे येत-जात असतात. डॉक्टरची चिठ्ठी क्वचितच कुणाच्या हातात दिसते. ‘भाऊ, पित्ताच्या चार गोळ्या द्या’ एवढे म्हटले की काम भागते. दुकानदार पट्टी काढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो, आणि औषधाचे नाव व मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावरच राहून जाते. गिऱ्हाइकाच्या मुठीत पडते ते निनावी औषध. ते कुणासाठी चालले आहे, त्या व्यक्तीला किती दिवसांपासून त्रास आहे, तिचे वजन उतरले आहे का, हे दुकानदार विचारत नाही. आणि खरे सांगायचे तर विचारले तरी गोळी नेणाऱ्याला ते सांगता येणार नाही. घरातून निघताना कानावर पडलेले असते, ‘येताना पित्ताची गोळी आणा.’ मीठ-साखरेच्या यादीत ही गोळी केव्हा जाऊन बसली, ते आपल्यालाही कळलेले नाही.

दुकानदाराला दोष देऊन मोकळे होण्यासाठी मी हे लिहीत नाही. गिऱ्हाईक जे मागते ते तो देतो, आणि ते गिऱ्हाईक आपण आहोत. गोळीलाही नावे ठेवण्याचे कारण नाही. माणसाच्या बुद्धीने पोटाच्या दुखण्यावर जी साधने शोधली, त्यांत या गोळीचा मान मोठा आहे. आपल्या जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात. अन्न समोर आले, त्याचा वास आला, पहिला घास पोटात गेला, की मज्जातंतूंकडून, गॅस्ट्रिन या संप्रेरकाकडून आणि हिस्टामीन या रसायनाकडून त्यांना हुकूम सुटतो, आणि त्यांच्यातले असंख्य सूक्ष्म पंप जठरात आम्ल उपसू लागतात. खाण्याचा सोडा किंवा बाटलीतले पांढरे पातळ औषध तयार झालेले आम्ल मारते. त्याचा गुण घटकाभराचा. पुढे जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने हिस्टामीनचा हुकूमच वाटेत अडवण्याची युक्ती काढली. त्यातून आलेले सिमेटिडीन १९७६ साली बाजारात आले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिमेटिडीन येण्याआधी जठरातल्या व्रणासाठी जठराचा तुकडाच कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होत. त्याच १९८८ साली ओमेप्रॅझोल आले. आज आपण ज्यांना नुसते ‘पित्ताची गोळी’ म्हणतो ती पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही त्याचीच भावंडे.

ही औषधे हुकूम अडवत नाहीत, पंपच बंद पाडतात. गोळीवर जाड कवच असते, कारण जठरातल्या आम्लात औषध उघडे पडले तर तिथेच नासून जाईल. कवच पुढे आतड्यात विरघळते, औषध रक्तात उतरते आणि रक्तावाटे पुन्हा त्याच आम्ल करणाऱ्या पेशींपाशी पोचते. तिथेही ते चालू असलेल्या पंपालाच धरते. विहिरीवरची मोटार चालू असतानाच तिच्या पंख्यात खडा अडकावा, तसा हा प्रकार आहे. बंद मोटारीत खडा टाकून काही होत नाही. म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. औषध रक्तात पोचावे आणि नेमके तेव्हाच जेवणाने पंप चालू व्हावेत, असा तो हिशेब आहे. एकदा बंद पडलेला पंप पुन्हा सुरू होत नाही, पेशीला नवा घडवावा लागतो. म्हणून औषध काही तासांत रक्तातून गेले तरी गुण दिवसभर टिकतो. आपण काय करतो? रात्री भरपेट शेवभाजी झाल्यावर, छातीत जळजळ सुरू झाल्यावर, ती गोळी तोंडात टाकतो. कुणी कुणी लवकर गुण यावा म्हणून चावूनही खातो. इतक्या बारकाईने घडवलेली वस्तू आपण अंगाऱ्यासारखी वापरतो. अंगारा निदान अपाय तरी करत नाही.

इथपर्यंत अज्ञान आहे, आणि अज्ञान क्षम्य असते. पण ही गोळी आपल्या घरात कोण खाते, हे पाहू लागले की क्षमेची भाषा तोंडातच राहते. घरातली सून पहाटे उठते. चहा कोरड्या पोटी होतो, कारण चुलीपाशी उभे राहून दुसरे काही खाणे तिला शोभत नाही. मुलांचे डबे, गड्यांची न्याहारी, म्हाताऱ्यांचे पथ्य, पुरुषांचे जेवण होते. सगळ्यांची ताटे उचलून झाल्यावर दुपारी कधीतरी ती बसते, आणि टोपल्यात सकाळची गार भाकरी, तळाशी राहिलेला रस्सा, कालचे काहीतरी असते. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र. उपवासाचा साबुदाणाही तिने आधी सगळ्यांना वाढायचा. संध्याकाळी डोके ठणकते, तोंडाला आंबट पाणी सुटते, करपट ढेकर येतात, आणि घर एकमुखाने निदान करते, ‘हिला पित्त आहे.’ सासूलाही होते, तिच्या सासूलाही होते. जणू काही हा दागिन्यांबरोबर आलेला वारसा! कुणी असेही म्हणते की तिचा स्वभावच तापट आहे, म्हणून पित्त खवळते. म्हणजे उपाशी ठेवायचे आपण, आणि दोष तिच्या स्वभावाला. पंक्तीत तिला सर्वांच्या शेवटी बसवणारी रीत कुणी एका माणसाने काढलेली नाही. ती आपण सगळ्यांनी सांभाळली. सुशिक्षितांनी सांभाळली, आणि सुधारणेवर भाषणे देऊन घरी परतल्यावर गरम भाकरीची वाट पाहत पाटावर बसणाऱ्यांनीही सांभाळली. तिच्या पोटातली आग विझवण्यासाठी आपण गोळी आणून देतो, आणि आपण तिची काळजी घेतो असे आपल्याला मनापासून वाटते.

आता शेतमजूर बाईकडे पाहू. केळीच्या बागेत दिवसभर वाकून काम, निंदणी, हंगामात कापसाची वेचणी. कंबर धरते, गुडघे बोलतात. त्यासाठी दुसरी गोळी. तिचेही नाव तिला ठाऊक नसते. ‘अंगदुखीची’ किंवा ‘लाल गोळी’ एवढीच तिची ओळख. ती बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. या गोळ्या दुखणे कसे थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि सूज व वेदना त्यांच्यामुळे जाणवतात. गोळी ती द्रव्ये तयारच होऊ देत नाही. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तरावर संरक्षक चिकट थर राखतात आणि त्या अस्तराचा रक्तपुरवठा सांभाळतात. कंबरेचे दुखणे थांबवणारी गोळी अशी जठराचे चिलखतही उतरवते. महिनोन् महिने, तेही उपाशीपोटी, ती घेतली की जठराला जखम होते. मग जळजळ, मग पित्ताची गोळी. आणि कंबरदुखी काही थांबलेली नसते, म्हणून लाल गोळीही चालूच. एक गोळी जखम करते, दुसरी तिची ओरड दाबते. जखम हळूहळू रक्त गाळू लागते. रक्त आतड्यातून जाताना काळे पडते, आणि शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. हे तिला दिसते. पण ते सांगायचे कुणाला? नवऱ्याला? सासूला? आपल्या घरांत बाईने शौचाविषयी बोलणे निर्लज्जपणाचे मानले जाते. ती अंगावर काढते. चेहरा पांढरा पडतो, जिना चढताना धाप लागते. लोक म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून घे.’

वेदनेचा हेतू काय, हे विसरण्याची आपली खोड फार जुनी आहे. बहुतेकांची जळजळ साधी असते, हे खरे. खाण्याची वेळ आणि वजन सांभाळले की ती ओसरते. पण ज्याला चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला, ज्याचे वजन कारण नसताना उतरते आहे, ज्याला घास गिळताना अडकतो, उलटीतून रक्त पडते किंवा शौचाला काळी होते, त्याच्या जळजळीला गोळी देऊन गप्प बसवणे म्हणजे दाराशी ओरडणाऱ्या राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबणे होय. जठराचा कर्करोगही आरंभी या गोळ्यांनी काही दिवस शांत भासतो. ते दिवसच उपचाराचे असतात, आणि तेच आपण वाया घालवतो. दुर्बिणीने जठर आतून पाहण्याची सोय जळगावला आहे, भुसावळला आहे. इथून तासा-दीड तासाची वाट. पण घरातल्या बाईसाठी ती वाट फार लांबची ठरते. ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला आपण त्याच वाटेने त्याच दिवशी जाऊन येतो. आणि जो ही गोळी वर्षानुवर्षे घेतो, त्याला ती सोडणेही कठीण जाते. औषध थांबले की दाबलेल्या पेशी काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल ओततात, जळजळ दुप्पट वाटते, आणि माणूस समजतो की आपल्याला गोळीवाचून गत्यंतर नाही. दीर्घकाळ घेतल्याने शरीरातले बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ज्यांना ती खरोखर लागते त्यांनी डॉक्टरच्या नजरेखाली जरूर घ्यावी. मी बोलतो आहे ते कात्रीने कापून नेलेल्या चार गोळ्यांविषयी.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या लोकांना हे कसे कळावे? तर शहाण्यांचेही ऐका. विसाव्या शतकात जगभरचे नामांकित डॉक्टर जठराच्या व्रणाचे कारण चिंता, तिखट आणि स्वभाव हेच सांगत होते. आपल्या सासूबाईंचे निदान आणि त्यांचे निदान यांत मोठा फरक नव्हता. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना रुग्णांच्या जठरात एक वळणदार जंतू सापडला. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असे शास्त्र पिढ्यान्पिढ्या शिकवत आले होते, म्हणून त्यांचे कुणी ऐकेना. अखेर १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंनी भरलेले द्रावण स्वतः पिऊन दाखवले. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली आणि जंतू तिथेच सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. दोन प्रतिजैविके आणि पित्ताची गोळी अशा साधारण चौदा दिवसांच्या उपचाराने वर्षानुवर्षांचा व्रण बरा होऊ लागला. २००५ साली त्या दोघांना नोबेल मिळाले. शास्त्राने आपली चूक कबूल केली, पुस्तके बदलली, आणि कुणाचीही अब्रू गेली नाही. आपल्या घरातली समजूत मात्र अजून स्वभावापाशीच अडून बसली आहे.

या जंतूची आणखी एक गोष्ट आपल्याला झोंबायला हवी. तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो. दाटीवाटीच्या घरांत, एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात, उलटी-विष्ठेच्या वाटेने, जिथे पाणी आणि हात स्वच्छ नाहीत तिथे. म्हणजे बाईच्या पोटातला व्रण हा पुष्कळदा आपल्या गटारीचा व्रण आहे. नळाचे पाणी दोन-तीन दिवसांआड येते, जलवाहिनी गटारीच्या कडेने किंवा गटारीतून जाते, सांधा गळतो, पाणी बंद असताना तोच सांधा गटारीतले आत ओढून घेतो. हे कुणाला ठाऊक नाही? डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून नगरी सजवली, साने गुरुजींसारख्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. त्या अधिवेशनाची छायाचित्रे आपण अभिमानाने दाखवतो, स्मरणदिन साजरे करतो. गांधीजींनी खेड्यांकडे आग्रहाने मागितलेली एक गोष्ट गावची सफाई होती. ती मागणी मात्र आपण फोटोच्या चौकटीत ठेवून दिली. आणि गटार तुंबली की ती उपसायला आपण कोणत्या वस्तीतल्या माणसाला बोलावतो, त्याचा हात कोणत्या पाण्याने धुतला जातो, हा प्रश्न तर आपण कधी स्वतःला विचारलेलाच नाही.

सर्वांत जड गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती लिहिताना हात कचरतो. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच डोंगररांगेत पूर्वेला मेळघाट. तिथे मुलाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. २०२५च्या फेब्रुवारीत अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे कित्येक चटके दिल्याची बातमी आली. आपण ती वाचली, हळहळलो, ‘काय हे अडाणी लोक’ म्हणून वर्तमानपत्र मिटले. मी त्या प्रथेचे समर्थन करत नाही. ते क्रौर्यच आहे. पण ते टिकले कशाने? चटके बसलेले मूल किंचाळते, रडून रडून थकते, आणि शेवटी गप्प होते. आजी म्हणते, आराम पडला. तिची चूक एवढीच की गप्प होणे म्हणजे बरे होणे, असे तिला वाटले. आता डोंगर उतरून आपल्या घरात या. मुलाला हगवण लागली की आपल्या आज्या-पणज्या काय करत? पाणी तोडत. ‘पाणी पाजले की जुलाब वाढतात,’ म्हणून कोरड पडलेल्या ओठांच्या लेकराला पाणी देत नसत, दूधही बंद करत. मूल आधी रडे, मग त्याच्या डोळ्यांत पाणी येईनासे होई, टाळू खोल जाई, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही, आणि मग ते गप्प होई. आपल्या प्रत्येक घराच्या वंशावळीत असे एखादे गप्प झालेले मूल आहे, ज्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. ‘देवाने नेले’ असे आपण म्हणत आलो. त्याला तहानेने नेले होते, आणि तांब्या आपल्या हातात होता.

त्या मुलांना वाचवणारे औषध किती साधे आहे, हे पाहिले की लाज अधिकच वाटते. जुलाबात आतडे पाणी बाहेर टाकत असते, तरी त्याच्या अस्तरातली एक वाट बहुधा शाबूत राहते. या वाटेने साखर म्हणजे ग्लुकोज आणि मीठ म्हणजे सोडियम हातात हात घालून आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठही पुरत नाही. साखर आणि मीठ दोन्ही ठरल्या प्रमाणात हवीत. एवढ्यावर क्षारसंजीवनी म्हणजे ओआरएस उभी आहे. हेमेंद्रनाथ चॅटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १९५३ सालीच पटकीच्या रुग्णांना असे द्रावण पाजून बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. जगाने लक्ष दिले नाही. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याच्या पुड्या बांधून आयांच्या, भावंडांच्या हाती द्रावणाचे पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. महालनबीस २०२२ साली गेले, पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले. आपल्या शाळेतल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, ते विचारून पाहा.

आणि आज? आज मुलाला जुलाब लागले की आपण शहाण्यासारखे दवाखान्यात नेतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, सलाईन लावा.’ डॉक्टरने पुडी दिली तर तो आपल्याला हलका वाटतो. सुई टोचली नाही तर पैसे वसूल झाले असे वाटत नाही. ज्याला पिणे जमत नाही, जो बेशुद्धीकडे चालला आहे, त्याला सलाईन हवेच. तिथे वेळ घालवू नये. पण अंगात बळ यावे म्हणून ग्लुकोजची जी बाटली आपण लावून घेतो, त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तिच्यातून मिळणारे उष्मांक एका केळ्यातून मिळतात. जिथून केळी गाड्या भरभरून उत्तरेकडे जातात, त्या यावल-रावेरच्या पट्ट्यात माणसे पैसे मोजून एका केळ्याचे बळ शिरेतून टोचून घेतात! त्याच हव्यासापोटी आपण जुलाब ‘बांधणारी’ गोळीही मागून घेतो. ती आतड्याची हालचाल मंदावते. मोठ्या माणसाला प्रवासात तिचा उपयोग होईल. लहान मुलाला ती देऊ नये. रक्त-आव पडत असताना ती घेतली तर विष आतच कोंडून राहते, आणि पाणी आतड्यातच साचून राहिले तरी बाहेर काही दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. प्रतिजैविकांच्या पट्टीवर चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून लाल रेघ आखलेली असते, तीही आपण अशीच कात्रीने कापून नेतो. मुलांची बहुतेक हगवण विषाणूंची असते आणि प्रतिजैविक त्यावर चालत नाही. व्यापारी तर आपल्या या आंधळेपणावर जगतात. क्षारसंजीवनीचे नाव लावून साखरेची गोड पेये खोक्यांतून विकली गेली, जादा साखरेने जुलाब वाढू शकतात हे ठाऊक असून विकली गेली, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये ते नाव लावायला मनाई करेपर्यंत आपण ती आजारी मुलांच्या उशाशी ठेवत होतो.

मलावरोधाविषयी दोनच शब्द लिहितो, कारण तिथेही कथा तीच आहे. मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते. मळ जितका वेळ थांबेल तितका कडक होतो. इसबगोल पाणी धरून फुगते आणि मळ मऊ करते, पण त्यासोबत पेलाभर पाणी प्यावे लागते. लॅक्ट्युलोज आतड्यात पाणी ओढून आणते. सोनामुखीची चूर्णे आतड्याला डिवचून हालवतात, आणि रोज डिवचून घेण्याची सवय बरी नव्हे. पण आपल्या बायका पाणी कमी पितात ते अडाणीपणामुळे नव्हे. बागेत, वेचणीच्या शेतात, बाजारात, कित्येक शाळांतही त्यांना जायला आडोसा नसतो. मुली सकाळी पाण्याचा घोट मोजून घेतात. पूर्वी पहाटेच्या आणि रात्रीच्या अंधाराची वाट पाहत पोटे आवळून धरली जात. घरोघरी संडास झाले तरी दिवसाचे आठ-दहा तास बाईचे पोट अजून आवळलेलेच असते. पन्नास मजूर लावणारा बागायतदार ठिबकच्या नळ्यांवर लाखाने खर्च करतो, चार पत्र्यांचा आडोसा त्याला सुचत नाही. तो कुणी परका नाही, आपल्याच नात्यागोत्यातला आहे.

हे सारे बदलेल, यात मला शंका नाही. पाणी तोडणारी आजी आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत चालली आहे. तिच्या नातसुना पुडी घोळतात. एका पिढीत एवढे झाले ते सुईणी, अंगणवाडीताई, आशाताई यांनी दारोदार जाऊन सांगितले म्हणून, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकले म्हणून. जी रीत माणसांनी घातली ती माणसे मोडू शकतात. त्यासाठी नवे शास्त्र यायची वाट पाहायला नको, ते येऊन चाळीस-पन्नास वर्षे झाली. नातसुना पुडी घोळायला शिकल्या, तर मुलगे ताटे मांडायला शिकतील आणि सगळे घर एका पंक्तीला बसेल. कठीण आहे ते एवढेच की यात आपले काहीतरी जाते. पंक्तीतला पहिला मान जातो, गरम भाकरी जाते, पत्र्यांचा खर्च येतो, जळगावची एक खेप पडते. आपल्या डोळ्यांवरची झापड यासाठी टिकली की ती आपल्या सोयीची होती.

म्हणून वाचकहो, मागणे थोडे आहे. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे, तिथे क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या आजच आणून ठेवा. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात, झिंकच्या गोळ्याही मिळतात, आणि त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या असतात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक मोठी पुडी, चोवीस तासांत संपवायची, स्तनपान चालू ठेवायचे. मेडिकलमध्ये पट्टी कापून घेऊ नका, नाव वाचून घ्या. आणि घरात जी कुणी महिनोन् महिने पित्ताची गोळी खाते आहे, तिच्याजवळ बसून तिला विचारा. भूक मंदावली का, वजन उतरले का, शौचाला काळी होते का, अंगदुखीची गोळी रोज घेते का. ती लाजेल, ‘काही नाही’ म्हणेल; पुन्हा विचारा. उत्तर ‘हो’ आले तर याच आठवड्यात तिला जळगावला तपासणीसाठी घेऊन जा. त्या दिवशी केळीची गाडी भरायची असेल, तरीही.